ज्याच्याकडे मजुरी, त्याच्यावरच बहिष्कार: पहिल्या इंतिफादाचा हिशेब

8 डिसेंबर 1987 रोजी गाझा पट्टीच्या उत्तर टोकाला, एरेझ नाक्याजवळ, एका इस्रायली ट्रकने पॅलेस्टिनी मजुरांच्या गाड्यांना धडक दिली. चार जण ठार झाले. हा अपघात नाही, सूड आहे अशी वावडी उठली, कारण त्याच्या थोडंच आधी गाझात एका इस्रायली माणसाला भोसकून मारलं होतं. मेलेल्यांपैकी बरेच जबालिया निर्वासित छावणीतले. अंत्यविधीनंतर छावणी पेटली आणि काही दिवसांत गाझा, वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेममध्ये उठाव पसरला. हाच पहिला इंतिफादा (अरबीत उठाव). ढोबळमानाने तो इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटना यांच्यातल्या सप्टेंबर 1993 च्या ओस्लो करारापर्यंत चालला.

दगड मारणारी पोरं आणि समोर रणगाडे ही छायाचित्रं जगभर गेली. उठावाचं सामाजिक आणि आर्थिक अंग समजून घ्यायचं तर मात्र त्या गाड्यांकडे परत जावं लागतं. मेलेले लोक इस्रायलमधल्या कामावरून घरी परतत होते.

1967 च्या युद्धात इस्रायलने गाझा, वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम हा भाग ताब्यात घेतला. पुढच्या वीस वर्षांत तिथली अर्थव्यवस्था इस्रायलला अशी जोडली गेली की 1987 मध्ये एक लाखाहून अधिक पॅलेस्टिनी, म्हणजे कामकरी लोकांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त, रोज सीमा ओलांडून इस्रायलमध्ये मजुरीला जात. बांधकाम, शेती, हॉटेलातली भांडी, रस्तेसफाई अशी ही कामं. पहाटे निघायचं आणि रात्री परतायचं, कारण इस्रायलमध्ये मुक्काम करायला बंदी. नोंदणीकृत मजुराच्या पगारातून इस्रायली मजुराइतकीच सामाजिक विम्याची कपात व्हायची, पण बेकारी भत्ता किंवा म्हातारपणचं पेन्शन मिळत नसे. ज्यांची नोंदणीच नव्हती त्यांचा तर प्रश्नच मिटला.

बाजाराचीही तीच गत. अमेरिकेनंतर इस्रायलच्या मालाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे वेस्ट बँक आणि गाझा. दूध, बिस्किटं, सिगारेट, औषधं, सिमेंट सगळं तिकडून. उलट दिशेने, गाझाचा भाजीपाला इस्रायली शेतकऱ्याला जड जाईल असं दिसलं की अडवला जाई. नवा कारखाना टाकायला, विहीर खणायला, ट्रॅक्टर आणायला लष्करी प्रशासनाचा परवाना लागायचा. 1976 पासून मूल्यवर्धित कर लागू झाला होता. तो ठरवणारं सरकार निवडण्याचा हक्क मात्र भरणाऱ्याला नव्हता.

ज्याच्या हातून पगार येतो आणि ज्याच्या दुकानातून दूध येतं त्याच्याशी असहकार कसा करायचा, हा या उठावापुढचा खरा पेच होता. जिथे पर्याय उभा राहू शकला तिथे असहकार टिकला. जिथे राहू शकला नाही तिथे तो आपल्याच लोकांच्या अंगावर आला.

पत्रक आणि कुलूप

उठाव आपसूक सुरू झाला, पण जानेवारी 1988 पर्यंत त्याला चालवणारी एक भूमिगत यंत्रणा उभी राहिली. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे प्रमुख यासर अराफात यांची फताह, दोन डावे गट आणि कम्युनिस्ट पक्ष यांची मिळून ‘संयुक्त राष्ट्रीय नेतृत्व’ नावाची समिती झाली. समितीत कोण आहे हे बाहेर माहीत नसे. एक पकडला गेला की दुसरा त्याच्या जागी. तिचं हत्यार म्हणजे क्रमांक घातलेलं पत्रक. त्यात पुढच्या साधारण दोन आठवड्यांचं वेळापत्रक असायचं: अमुक तारखेला पूर्ण हरताळ, तमुक तारखेला कैद्यांसाठी निदर्शनं, दुकानं इतके वाजता उघडायची आणि इतके वाजता बंद. दवाखाने, औषधाची दुकानं आणि बेकऱ्यांना सूट. घरमालकांनी भाडं कमी करावं, डॉक्टरांनी फी उतरवावी, व्यापाऱ्यांनी भाव चढवू नयेत, अशा सूचनाही त्यातच. पत्रकं रात्री वाटली जात आणि सीरियातून चालणाऱ्या अल-कुद्स रेडिओवर वाचून दाखवली जात. इस्रायली गुप्तचर खात्याने खोटी पत्रकंही सोडली. लोक भाषेवरून आणि तारखांवरून खरं-खोटं ओळखायला शिकले.

पहिली मोठी लढत दुकानांवरून झाली. पत्रक सांगे, सकाळचे तीनेक तासच दुकान उघडा. लष्कराने उलट हुकूम काढला: सकाळी बंद, दुपारी उघडं. व्यापारी पत्रकाच्या वेळेला चिकटून राहिले. सैनिक दुपारी पहारीने कुलपं तोडून शटर वर करत आणि दुकानं उघडी टाकून जात, म्हणजे चोरीच्या भीतीने मालक येऊन बसेल. मालक यायचा नाही. गल्लीतली पोरं राखण करत आणि कुलूपवाले फुकटात कुलपं बसवून देत. काही दुकानांची शटरं लष्कराने वेल्डिंग करून कायमची बंद केली. काही महिन्यांनी लष्कराने हा नाद सोडला. बाजार कधी उघडायचा हे आता पत्रक ठरवत होतं. 1967 नंतर पहिल्यांदाच इतकी साधी, रोज डोळ्यांना दिसणारी सत्ता पॅलेस्टिनींच्या हाती आली होती.

घड्याळाचंही तेच झालं. उन्हाळ्याची वेळ लावण्यासाठी काटे पुढे-मागे करण्याची तारीख नेतृत्वाने इस्रायलपेक्षा वेगळी ठरवली. चौकीवर एखाद्याचं घड्याळ ‘पॅलेस्टिनी वेळे’वर दिसलं तर सैनिक ते फोडत, अशा कितीतरी नोंदी आहेत.

मार्च 1988 मध्ये इस्रायली प्रशासनाखाली काम करणाऱ्या शेकडो पॅलेस्टिनी पोलिसांनी राजीनामे दिले. त्यांची जागा घेतली मोहल्ल्यांतल्या लोकसमित्यांनी: भांडणं मिटवणं, संचारबंदीत धान्य वाटणं, रात्रीची गस्त, प्रथमोपचार, शिकवण्या. आपल्याकडच्या वाचकाला साताऱ्याचं प्रतिसरकार आठवेल. ऑगस्ट 1988 मध्ये इस्रायलने या समित्या बेकायदा ठरवल्या. नुसत्या सदस्यत्वासाठी दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती.

परसबाग, गाई आणि चिखलाची चित्रं

बहिष्काराचा नियम व्यवहारी होता: ज्या मालाला स्थानिक पर्याय आहे तो इस्रायली माल घ्यायचा नाही. सिगारेट, शीतपेयं, बिस्किटं, चॉकलेट, काही दुग्धपदार्थ यांना पर्याय होता. तिथे हेब्रोन, रामल्ला आणि नाब्लुसच्या लहान कारखान्यांची विक्री एकदम वाढली. औषधं, पीठ, इंधन, सिमेंट यांना पर्याय नव्हता, म्हणून ती यादीबाहेर. पण कारखाना वाढवायचा तर परवाना लष्कराकडूनच घ्यायचा, आणि बाजार दिवसाचे तीन तास उघडा. त्यामुळे या वाढीला लवकरच छत लागलं.

अन्नासाठी परसबागांची मोहीम निघाली. तिचा सर्वांत पद्धतशीर प्रयोग बेथलेहेमला लागून असलेल्या बेत साहूरमध्ये झाला. बारा-एक हजार वस्तीचं, बहुसंख्य ख्रिस्ती, शिकलेलं गाव. ऑलिव्हच्या लाकडावरचं कोरीवकाम, शिंपल्यांच्या वस्तू आणि शिलाईची छोटी वर्कशॉपं हा धंदा. तिथल्या काही प्राध्यापक-इंजिनियर मंडळींनी भाड्याच्या जागेत केंद्र उघडून रोपं, बियाणं, कोंबडीची पिल्लं आणि ठिबकच्या नळ्या माफक दरात द्यायला सुरुवात केली. बेथलेहेम विद्यापीठातले शास्त्रज्ञ जाद इसहाक त्यांच्यात पुढे होते. त्यांना पकडून नेगेव वाळवंटातल्या अन्सार-3 या तुरुंग-छावणीत ठेवलं. पुरावा काय, तर भाजीची रोपं.

गावाने इस्रायली दुधाला पर्याय म्हणून 18 गाई आणल्या, त्याही इस्रायली किबुत्झमधूनच, म्हणजे सामुदायिक शेतवस्तीतूनच, विकत घेऊन. लष्कराने हा गोठा सुरक्षेला धोका ठरवला आणि तो बंद करण्याची मुदत दिली. गाई रातोरात हलवल्या गेल्या आणि सैनिक फोटो घेऊन त्या शोधत फिरले. गोष्ट ऐकायला विनोदी आहे, पण दूध कोणाकडून घ्यायचं हा प्रश्न दोन्ही बाजूंना किती गंभीर वाटत होता हे त्यातून कळतं.

याच बहिष्काराचं एक अनपेक्षित फळ चित्रकलेत आलं. कॅनव्हास आणि रंग इस्रायली दुकानांतून येत. सुलेमान मन्सूर, वेरा तमारी, तैसीर बरकात आणि नबील अनानी या चौघांनी ‘नव्या दृष्टी’ नावाचा गट करून ते वापरणं सोडलं आणि हाताशी असेल ते घेतलं. मन्सूर गवताच्या काड्या मिसळलेला चिखल थापून चित्रं करू लागले. गावाकडची घरं आणि चुली ज्या मातीच्या, तीच ही माती. सुकताना तिला भेगा पडत. सुरुवातीला तो दोष वाटला, पुढे त्या भेगाच त्यांच्या कामाची ओळख झाल्या. अनानींनी चामडं आणि मेंदी घेतली, बरकात लाकूड जाळून त्यावर रेघा काढू लागले, तमारींनी भाजलेली माती. बहिष्काराची खाती मांडायची तर जमेच्या बाजूला ही चित्रं मी पहिल्या ओळीत लिहीन.

पॅलेस्टिनी झेंडा मिरवायला बंदी होती. बायकांनी पारंपरिक अंगरख्यांच्या छातीवरच्या भरतकामात झेंडा आणि नकाशा विणला. जुन्या भरतकामावरून बाई कोणत्या गावची हे ओळखू येई. या नव्या पेहरावांवर गावाची जागा देशाने घेतली. भिंती हे वर्तमानपत्र झालं होतं. रात्री घोषणा लिहिल्या जायच्या, सकाळी सैनिक घरमालकाला उठवून चुना फासायला लावायचे, रात्री पुन्हा लिहिलं जायचं. कॅसेटवरची गाणी हातोहात फिरत. नाक्यावर कॅसेट सापडली तर जप्त.

कर न भरण्याची किंमत

कर न भरणं हे सर्वांत नेमकं हत्यार, कारण लष्करी प्रशासनाचा बराच खर्च या करांतून भागत असे. पण त्याच्यावरचा उताराही तितकाच नेमका निघाला. इस्रायलने प्रत्येक कागद कराच्या पावतीला बांधला. वाहनाचा परवाना, जन्मदाखला, प्रवासाची परवानगी, माल बाहेर नेण्याचं पत्र, काहीही हवं असेल तर आधी कर खात्याचा शिक्का. 1988 मध्ये गाझात सगळी ओळखपत्रं बदलायचा हुकूम निघाला आणि नवं ओळखपत्र थकबाकी भरल्यावरच. ओळखपत्राशिवाय घराबाहेर पडणं म्हणजे अटक, त्यामुळे बहुतेकांना नमावं लागलं.

बेत साहूर नमलं नाही. ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ ही त्यांची भूमिका. सप्टेंबर 1989 च्या उत्तरार्धात लष्कराने गावाला वेढा घातला, फोन तोडले, पत्रकारांना आणि परदेशी राजनैतिक प्रतिनिधींना अडवलं. साधारण सहा आठवडे घराघरात शिरून फ्रीज, टीव्ही, सोफे, शिलाई यंत्रं, दुकानातला माल उचलून नेला आणि इस्रायलमध्ये त्याचा लिलाव केला. 7 नोव्हेंबर 1989 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत यावरचा ठराव 14 विरुद्ध 1 असा आला आणि अमेरिकेच्या नकाराधिकाराने पडला.

गाव मोडलं नाही, पण एकटं पडलं. हाच कित्ता दहा-वीस गावांनी एकाच वेळी गिरवला असता तर जप्तीची ही यंत्रणा पुरी पडली नसती. तसं घडलं नाही. एकतर इतर गावांकडे बेत साहूरसारखी वर्कशॉपं आणि बचत नव्हती. दुसरं म्हणजे ट्यूनिसमध्ये बसलेल्या पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या नेत्यांना आपल्या ताब्याबाहेर वाढणारं स्थानिक नेतृत्व फारसं रुचत नव्हतं. गावाला शाबासकी भरपूर मिळाली, साथ कमी.

मजुरीच्या बाबतीत तर नेतृत्वाने सुरुवातीपासून हात आखडता घेतला. इस्रायलमधलं काम पूर्ण सोडा, असं सांगायची सोय नव्हती. त्या पगारावर घरं चालत. मागणी एवढीच होती की ताब्यातल्या भागात वसवलेल्या इस्रायली वसाहतींत काम करू नका आणि हरताळाच्या दिवशी जाऊ नका. जून 1989 मध्ये इस्रायलने गाझाच्या मजुरांना चुंबकीय पट्टीचं कार्ड सक्तीचं केलं. जो तुरुंगात गेला किंवा ज्याचा कर थकला त्याला कार्ड नाही. तरुणांनी घरोघर फिरून कार्डं गोळा केली आणि नष्ट केली. मजुरांनी काही दिवस घरी काढले आणि मग नव्या कार्डासाठी रांगेत उभे राहिले. त्यात फितुरी नव्हती, घरातलं पीठ संपलं होतं.

घरातली उलथापालथ

फेब्रुवारी 1988 मध्ये वेस्ट बँकमधल्या सगळ्या शाळा बंद झाल्या. सुमारे 1200 शाळा आणि तीन लाखांच्या आसपास मुलं. मधले थोडे आठवडे सोडले तर 1989 च्या मध्यापर्यंत त्या बंदच होत्या. बीरझेत विद्यापीठ जानेवारी 1988 ते एप्रिल 1992 बंद राहिलं. घरांत, मशिदींत, चर्चमध्ये वर्ग भरवले गेले, पण तेही बेकायदा ठरले. वह्या-पुस्तकं घेऊन चाललेला विद्यार्थी पकडला जाऊ शकत होता. विद्यापीठाचे वर्ग बऱ्यापैकी चालले. लहान मुलांचं मात्र भरून न येणारं नुकसान झालं, कारण अक्षरओळखीच्या वयातली दोन वर्षं गेली. शाळा उघडल्यावर शिस्त परतली नाही आणि बारावीच्या परीक्षेत सामूहिक कॉपी ही सामान्य गोष्ट झाली. शाळा बंद म्हणून मुलींची लग्नं लवकर उरकली जाऊ लागली.

लग्नांचं रूपही पालटलं. शेजारी कोणाचा मुलगा मेला असताना बँड वाजवणं शोभत नाही म्हणून समारंभ आटोपशीर झाले, मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम उतरली. तरुण पिढीला हे सोयीचं होतं. दुसरीकडे घरातल्या बापाचा धाक ओसरला. बाप पहाटे इस्रायली मुकादमाकडे राबायला जायचा, आणि सोळा वर्षांचा मुलगा मोहल्ल्यात कोणतं दुकान उघडायचं ते ठरवायचा. तुरुंगवास भोगून आलेल्याला मान मिळे.

बायकांच्या समित्या 1978 पासून काम करत होत्या, त्यामुळे वेळ आली तेव्हा धान्यवाटप, सहकारी खाद्यप्रक्रिया, बालवाड्या त्यांनी सांभाळल्या. अल-बिरेहची इनाश अल-उस्रा ही समीहा खलील यांनी 1965 मध्ये उभी केलेली संस्था हजारो बायकांना भरतकामातून रोजगार देत होती. लष्कराने तिला 1988 मध्ये टाळं ठोकलं. याच समीहाबाई 1996 च्या अध्यक्षीय निवडणुकीत अराफात यांच्यासमोरच्या एकमेव उमेदवार होत्या. पण याच काळात गाझात डोकं न झाकणाऱ्या बायकांवर दगड पडत होते. डिसेंबर 1987 मध्ये जन्मलेल्या हमास या इस्लामी संघटनेचा आणि आसपासच्या गटांचा जोर वाढत होता, आणि संयुक्त नेतृत्वाने या छळाविरुद्ध पत्रक काढायला 1989 उजाडू दिलं. तोवर गाझाच्या रस्त्यावर उघड्या डोक्याची बाई क्वचितच दिसत होती.

सर्वांत काळी बाजू खबऱ्यांच्या हत्यांची. इस्रायली गुप्तचरांना माहिती देणारे होते हे खरं, पण संशयावर, जुन्या वैरातून, ‘चालचलन’ बरं नाही म्हणूनही माणसं मारली गेली. पॅलेस्टिनींनी पॅलेस्टिनींना मारल्याची ही संख्या शेकड्यांत आहे. इस्रायली सुरक्षादलांच्या हातून या काळात हजाराहून अधिक पॅलेस्टिनी मेले. पॅलेस्टिनींच्या हातून सुमारे 160 इस्रायली. नेतृत्व वारंवार तुरुंगात जाऊन जसजसं विस्कटलं तसतशी शस्त्रधारी टोळक्यांची मनमानी वाढली. हरताळांचंही तसंच. संयुक्त नेतृत्वाचे वेगळे, हमासचे वेगळे, कोणी मेलं की आणखी एक. हातावर पोट असलेल्याला महिन्यातले कितीतरी दिवस असेच जात.

पैसा कुठून आटला

तीन तडाखे एकामागोमाग आले. वेस्ट बँकमधले लोक बचत जॉर्डनच्या दिनारमध्ये ठेवत. 31 जुलै 1988 रोजी राजे हुसेन यांनी वेस्ट बँकशी कायदेशीर नातं तोडलं आणि त्याच सुमारास दिनार घसरला. वर्ष-दीड वर्षात त्याची किंमत जवळपास निम्म्यावर आली. उशीखालची पुंजी कोणी हात न लावता अर्धी झाली. मग ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं. अराफात सद्दामच्या बाजूला झुकले. युद्धानंतर कुवेतमधल्या तीन लाखांहून अधिक पॅलेस्टिनींना देश सोडावा लागला. त्यांच्या मनीऑर्डरी थांबल्या आणि आखाती देशांची मदतही.

तिसरा तडाखा सर्वांत दूरगामी. 1991 पर्यंत पॅलेस्टिनींना इस्रायलमध्ये जायला एक सरसकट परवानगी होती. त्या वर्षी ती रद्द होऊन प्रत्येकाला वैयक्तिक परवाना लागू लागला. मार्च 1993 मध्ये संपूर्ण नाकाबंदी झाली आणि इस्रायली मालकांनी थायलंड, रोमानिया, फिलिपिन्समधून मजूर आणायला सुरुवात केली. जे काम सोडायला पॅलेस्टिनी नेतृत्व कचरत होतं ते आता समोरूनच काढून घेतलं गेलं. परवाना देणं-न देणं हे उठाव शमवण्याचं नवं साधन झालं आणि ते आजही वापरात आहे.

1994 च्या पॅरिस आर्थिक करारानेही जुनी गाठ सोडवली नाही. पॅलेस्टिनी मालावरची जकात आणि बराचसा मूल्यवर्धित कर इस्रायलच गोळा करतो, तीन टक्के हाताळणी शुल्क कापतो आणि बाकी रक्कम पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे ओस्लो करारातून आलेल्या मर्यादित स्वराज्याच्या प्रशासनाकडे, वळती करतो. संबंध बिघडले की ती अडवता येते, आणि अनेकदा अडवली गेली आहे. पॅलेस्टिनी मूल्यवर्धित कराचा दर इस्रायलच्या दराहून फार तर दोन टक्के अंकांनी कमी ठेवता येतो.

2000 साली सुरू झालेला दुसरा इंतिफादा वेगळ्या जातीचा होता. बंदुका आणि आत्मघाती स्फोट पुढे आले, आणि शटर, परसबाग, मोहल्ला समिती यांना जागाच उरली नाही. इस्रायलची नाकाबंदी अधिक कडक झाली, 2002 पासून विभाजक भिंत उभी राहू लागली.

ऑक्टोबर 2023 नंतर वेस्ट बँकमधल्या दीड लाखाच्या आसपास मजुरांचे आणि गाझातल्या सुमारे अठरा हजारांचे परवाने एका फटक्यात बाद झाले. रिकामी जागा भरायला इस्रायलने भारताकडे पाहिलं. 2024 मध्ये हरियाणा, उत्तर प्रदेश आणि तेलंगणात भरती झाली आणि पुढची फेरी महाराष्ट्रात जाहीर झाली. मागणी चार कामांची होती: सेंटरिंग, सळई वाकवणं, टाइल बसवणं आणि गिलावा. जाहिरातीत पगार महिना एक लाख सदतीस हजारांच्या आसपास. जबालिया आणि बेथलेहेमचे गवंडी तीन पिढ्या हीच कामं करत आले होते.